खुबा भक्कम तर पाऊल भक्कम : कंबर आणि नितंबांच्या स्नायूंसाठी घरच्या घरी करता येणारे ७ व्यायाम

दिवसातले आठ-नऊ तास खुर्चीत, दोन तास कॅबमध्ये आणि उरलेला वेळ सोफ्यावर. बेंगळुरूत आयटीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, दिवसाचा हिशोब साधारण असाच निघतो. इलेक्ट्रॉनिक सिटी असो, व्हाइटफील्ड असो की आउटर रिंग रोड, इथे माणूस कामापेक्षा सिल्क बोर्डच्या सिग्नलवर जास्त थकतो, असं गमतीने म्हटलं जातं. पण गंमत बाजूला ठेवली, तर या बसण्याची किंमत शरीराचा एक भाग मुकाट्याने मोजत असतो. तो भाग म्हणजे ज्यावर आपण बसतो तोच!

कंबर धरली की आपण बाम चोळतो. गुडघे दुखायला लागले की नी-कॅप घालतो. पण त्या दोघांच्या मधे असलेल्या खुब्याच्या आणि नितंबांच्या स्नायूंकडे मात्र सहसा कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर हे स्नायू कमजोर झाले की त्यांचं काम कंबरेला आणि गुडघ्यांना करावं लागतं, आणि मग दुखणं तिथे सुरू होतं. म्हणून आज या दुर्लक्षित स्नायूंची ओळख करून घेऊ, त्यांची घरच्या घरी परीक्षा घेऊ आणि सगळ्या घराला एकत्र करता येतील असे सोपे व्यायाम शिकू.

हे स्नायू नेमकं करतात काय?

नितंबांमध्ये दोन्ही बाजूंना तीन-तीन मुख्य स्नायू असतात. सगळ्यात वरचा आणि मोठा तो ग्लुटियस मॅक्सिमस. आपल्या शरीरातला हा सर्वांत मोठा स्नायू. खुर्चीतून उठणं, जिना चढणं, धावणं, खाली वाकून बादली उचलणं या सगळ्याला जोर तो पुरवतो.

त्याच्या खाली, थोडे बाजूला ग्लुटियस मीडियस आणि ग्लुटियस मिनिमस असतात. यांचं काम डोळ्यांना दिसत नाही, पण महत्त्वाचं आहे. चालताना साधारण ८० टक्के वेळ आपलं शरीर एकाच पायावर तोललेलं असतं, कारण दुसरा पाय हवेत असतो. त्या क्षणी कंबर एका बाजूला कलंडू न देण्याचं काम हे दोन स्नायू करतात. ते कमजोर झाले की चाल डुलती होते. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ मध्ये या लक्षणाचं वर्णन केलं. आजही डॉक्टर रुग्णाला एका पायावर उभं करून हीच खूण तपासतात.

बसून बसून होतं काय?

आपण खुर्चीत बसतो तेव्हा खुब्याच्या पुढच्या बाजूचे स्नायू आखडलेल्या स्थितीत राहतात आणि मागचे, म्हणजे नितंबांचे स्नायू सैल आणि रिकामे. रोज असे दहा-दहा तास गेले की पुढचे स्नायू ताठर होतात आणि मागचे आळशी.

आपल्या आजी-आजोबांच्या दिनक्रमात या स्नायूंना आपोआप काम मिळायचं. जेवायला पाटावर बसायचं, भाजी चिरायला विळीवर, शौचाला उकिडवं. दिवसातून वीस-पंचवीस वेळा जमिनीवरून उठणं व्हायचं. आता जेवण डायनिंग टेबलवर, भाजी ओट्यावर, शौचालय कमोडचं आणि पूजेलाही स्टूल. प्रत्येक बदल सोयीचाच आहे. गुडघ्याच्या रुग्णांसाठी तर गरजेचाही आहे. पण या बदलांत जो व्यायाम गेला, त्याची भरपाई आपण कुठे केली?

त्या बाबतीत बेंगळुरूच्या दर्शिनी बऱ्या. तिथे निदान इडली-वडा तरी उभ्याने खाल्ला जातो!

आपल्याकडे हे नवीन नाही

‘ग्लूट्स’ हा शब्द जिममधून आणि इन्स्टाग्रामवरून आपल्याकडे आला, पण त्यांचा व्यायाम आपल्या मातीत जुना आहे. तालमीतल्या जोर-बैठकांमधल्या बैठका म्हणजे मांड्या आणि नितंबांचाच व्यायाम. मंगळागौरीची बसफुगडी आठवा. उकिडवं बसून, एकेक पाय पुढे टाकत फेर धरायचा. आज एखाद्या ट्रेनरने तोच प्रकार दहा वेळा करायला सांगितला, तर घाम फुटेल.

बेंगळुरूचंही या गोष्टीशी जुनं नातं आहे. के. व्ही. अय्यर (१८९७–१९८०) हे इथले नामवंत व्यायामगुरू. त्यांच्या व्यायामशाळेत वजनं आणि योगासनं हातात हात घालून चालायची. १९३० मध्ये त्यांचं ‘मसल कल्ट’ हे पुस्तक आलं आणि पुढे त्यांनी सूर्यनमस्कारांवरही लिहिलं. विशेष म्हणजे हेच अय्यर कन्नडमध्ये ‘शांतला’ नावाची कादंबरी लिहिणारे लेखकही होते. त्याच काळात इकडे औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कार घरोघरी पोहोचवत होते.

आणि बी. के. एस. अय्यंगार? जन्म १९१८ चा, कर्नाटकातल्या बेल्लूरचा. १९३७ मध्ये ते पुण्यात आले आणि पुणेकरच झाले. लाकडी ठोकळे, पट्टे, खुर्ची, लोड यांचा आधार देऊन त्यांनी आसनं वयस्कर आणि आजारी माणसांच्याही आवाक्यात आणली. पुढचे व्यायाम करताना हीच गोष्ट लक्षात ठेवा. आधार घेण्यात कमीपणा नाही.

आधी दोन छोट्या परीक्षा

व्यायाम सुरू करण्याआधी आपण कुठे आहोत हे कळलं तर बरं. घरातल्या सगळ्यांनी मिळून या परीक्षा द्या. ज्येष्ठांच्या शेजारी मात्र कुणीतरी उभं राहा.

पहिली : ३० सेकंदांत किती वेळा उठता?

साधारण १७ इंच उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर दुमडा. मोबाइलवर ३० सेकंदांचा टायमर लावा आणि पूर्ण उभं राहून पुन्हा बसा. किती वेळा जमलं ते मोजा. ही ६० वर्षांवरील लोकांसाठी जगभर वापरली जाणारी चाचणी आहे. याहून कमी वेळा जमलं, तर पायांची ताकद सरासरीपेक्षा कमी समजतात :

• ६० ते ६४ वर्षं : पुरुष १४, स्त्रिया १२
• ६५ ते ६९ वर्षं : पुरुष १२, स्त्रिया ११
• ७० ते ७४ वर्षं : पुरुष १२, स्त्रिया १०
• ७५ ते ७९ वर्षं : पुरुष ११, स्त्रिया १०
• ८० ते ८४ वर्षं : पुरुष १०, स्त्रिया ९

तुम्ही तिशीत असाल आणि आईच्या वयाच्या आकड्याशी तुमची बरोबरी होत असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे!

दुसरी : एका पायावर १० सेकंद

भिंतीजवळ उभे राहा. एक पाय उचलून दुसऱ्या पायाच्या पोटरीमागे टेकवा, नजर समोर. १० सेकंद जमतं का? मग दुसरा पाय. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वर्षं वयाच्या १,७०२ लोकांवर झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना १० सेकंद उभं राहता आलं नाही, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. याचा अर्थ तोल गेला म्हणून आयुष्य कमी होतं, असा नाही. तोल हा एकूण तब्येतीचा आरसा आहे, एवढाच याचा अर्थ. घाबरू नका, सरावाला लागा.

घरच्या घरी करता येणारे ७ व्यायाम

सुरुवातीला पाच मिनिटं घरातच चाला, जागच्या जागी पावलं टाका. श्वास रोखून धरू नका. जोर लावताना श्वास सोडा, परत येताना घ्या. चटई किंवा सतरंजी पुरेशी आहे.

१. सेतू (ब्रिज)

पाठीवर झोपा. गुडघे दुमडून पावलं जमिनीवर टेकवा, पावलांमध्ये कंबरेएवढं अंतर. टाचांवर जोर देत, नितंब आवळत कंबर वर उचला. खांदे ते गुडघे एक सरळ रेष झाली की थांबा. पाच सेकंद धरा आणि हळू खाली या. १० वेळा.

लक्ष ठेवा : जोर नितंबांत जाणवायला हवा. मांडीच्या मागे पेटके येत असतील तर टाचा थोड्या जवळ घ्या. पाठीत दुखत असेल तर कमी उंच उचला.

२. शिंपला

एका कुशीवर झोपा. गुडघे दुमडलेले, पाय एकावर एक. टाचा एकमेकींना चिकटलेल्या ठेवून वरचा गुडघा शिंपल्यासारखा उघडा आणि हळू मिटा. प्रत्येक बाजूला १२ वेळा.

लक्ष ठेवा : कंबर मागे कलंडू देऊ नका. गुडघा थोडाच उघडला तरी चालेल. सोपं वाटू लागलं की मांड्यांभोवती रबरी पट्टा घाला.

३. कुशीवरून पाय उचलणे

कुशीवर झोपून खालचा पाय दुमडा, वरचा सरळ ठेवा. वरचा पाय शरीराच्या रेषेत, किंवा किंचित मागे ठेवून फूटभर वर उचला. पायाची बोटं छताकडे नाही, समोर. दोन सेकंद थांबा, खाली आणा. प्रत्येक बाजूला १० वेळा. चालताना कंबर सावरणाऱ्या मीडियस स्नायूसाठी हा व्यायाम उत्तम.

४. खुर्ची-बैठक

खुर्चीसमोर उभे राहा, पावलांत खांद्याएवढं अंतर. हात समोर. आधी नितंब मागे न्या, मग गुडघे दुमडा. खुर्चीला जेमतेम स्पर्श झाला की पुन्हा उभे राहा. उभं राहिल्यावर नितंब आवळा. १० वेळा. ज्येष्ठांनी खुर्चीत पूर्ण बसून उठावं, गरज वाटली तर हातांचा आधार घ्यावा.

लक्ष ठेवा : गुडघे आत वळू देऊ नका. ते पावलांच्या दिशेनेच राहायला हवेत. पाठीवर पुस्तकांचं दप्तर घेतलं की तोच व्यायाम अवघड होतो.

५. ओट्याजवळ पाय मागे

हा चहा उकळेपर्यंत करायचा व्यायाम. ओट्याला दोन्ही हात टेका, ताठ उभे राहा. एक पाय सरळ ठेवून मागे न्या, नितंब आवळा, परत आणा. मग तोच पाय बाजूला न्या आणि परत आणा. दोन्हीकडे १०-१० वेळा. पाय मागे नेताना पुढे झुकू नका आणि कंबरेला बाक देऊ नका.

६. पायरी चढ-उतर

जिन्याची सर्वांत खालची पायरी निवडा, कठड्याला हात ठेवा. उजवं पाऊल पूर्ण पायरीवर ठेवा, टाच बाहेर लोंबकळायला नको. त्याच पायावर जोर देऊन वर या, डावा पाय शेजारी ठेवा. मग सावकाश खाली उतरा. एका बाजूने ८ वेळा, मग दुसऱ्या. खालच्या पायाने उडी मारून वर येणं म्हणजे फसवणूक! मेट्रो स्टेशनवर सरकत्या जिन्याऐवजी साधा जिना घेतलात, तर हा सराव प्रवासातच होतो.

७. खुब्याचा ताण मोकळा करणे

जमिनीवर उशी ठेवून एक गुडघा टेका, दुसरं पाऊल पुढे ठेवा. नितंब आवळून शरीर किंचित पुढे न्या. टेकलेल्या पायाच्या जांघेत ओढ जाणवेल. ३० सेकंद थांबा, मग बाजू बदला. गुडघा टेकवत नसेल तर उभ्यानेच एक पाय लांब मागे ठेवून करा. दिवसभर बसणाऱ्यांनी हा व्यायाम अजिबात चुकवू नये.

किती दिवस, किती वेळ?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम करावेत. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी तीन किंवा अधिक दिवस ताकद आणि तोल या दोन्हींचा सराव करावा. त्यासोबत आठवड्याला किमान १५० मिनिटं वेगाने चालणं किंवा तत्सम व्यायाम हवाच. आधी लालबाग किंवा कब्बन पार्कमध्ये चालून या, मग घरी हे व्यायाम करा.

सोपं वेळापत्रक असं ठेवता येईल :

• सोमवार, बुधवार, शुक्रवार : सातही व्यायाम, साधारण २० मिनिटं
• इतर दिवशी : चालणं आणि सातवा व्यायाम
• रोज : दात घासताना एका पायावर उभं राहणं, बेसिनचा आधार हाताशी ठेवून

पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाची एकच फेरी. मग दोन, महिन्याभरानंतर तीन. शेवटची दोन-तीन आवर्तनं थोडी जड जायला हवीत, नाहीतर स्नायू वाढत नाहीत. ऑफिसात दर तासाला एकदा उठा. पाण्याची बाटली छोटी ठेवलीत तर उठावंच लागेल.

घरातल्या प्रत्येकासाठी

ज्येष्ठांसाठी : सांगली-मिरजेकडून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने नातवंडं सांभाळायला येणारे आई-बाबा इथल्या अनेक मराठी घरांत दिसतात. गावी अंगण, देऊळ, बाजार असं चालणं असतं. इथे तेराव्या मजल्यावरचा फ्लॅट आणि लिफ्ट. दोन-तीन महिन्यांतच पाय जड होतात. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडणं ही घराला हादरवणारी घटना असते, आणि असे बहुतेक फ्रॅक्चर पडण्यामुळेच होतात. मजबूत खुबा पडण्याचा धोका कमी करतो. सोबत बाथरूममध्ये पकडायला दांडी, न घसरणारी पायपुसणी आणि रात्री छोटा दिवा एवढं करून ठेवा. आणि हो, एक पाय दुखत असेल तर काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरायची. तसं केल्याने दुखऱ्या खुब्यावरचा भार कमी होतो. अनेक जण नेमकं उलट करतात.

बाळंतपणानंतर : डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सेतू आणि शिंपला यांपासून सुरुवात करा. सिझेरियन झालं असेल तर घाई नकोच. बाळाला कडेवर घेताना नेहमी एकच बाजू वापरू नका.

मुलांसाठी : त्यांना व्यायाम म्हणून सांगू नका. बेडूकउड्या, लंगडी, बसफुगडी खेळा. लंगडी म्हणजे एका पायावरचा पूर्ण व्यायामच आहे. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जागा असेल, तर रविवारी सगळ्यांनी मिळून खेळा.

धावणाऱ्यांसाठी : बेंगळुरूच्या १० किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करताना फक्त किलोमीटर मोजू नका. खुबा कमजोर असेल तर धावताना गुडघा आत वळतो आणि दुखणं सुरू होतं. आठवड्यातले दोन दिवस या व्यायामांसाठी राखून ठेवा.

ताटाकडेही बघा

स्नायूंना व्यायामासोबत प्रथिनं लागतात. भारतीय प्रौढांसाठी रोज शरीराच्या दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला जवळपास ५० ग्रॅम. नुसत्या भात-रस्समवर किंवा पोळी-भाजीवर तेवढी मिळत नाहीत. वरण, उसळ, दही, शेंगदाणे, अंडी, मासे यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा. हाडांसाठी ‘ड’ जीवनसत्त्वही तपासून घ्या, कारण दिवसभर काचेच्या इमारतीत बसणाऱ्याला ऊन मिळतच नाही.

डॉक्टरांकडे कधी जावं?

व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू ठणकणं स्वाभाविक आहे. पण पुढील लक्षणं असतील तर व्यायाम थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा :

• जांघेत खोल दुखणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं
• पडल्यानंतर पायावर भार न देता येणं (अशा वेळी लगेच रुग्णालय गाठा)
• कंबरेपासून पायापर्यंत मुंग्या, बधिरपणा किंवा पायातली ताकद कमी होणं
• लंगडणं वाढत जाणं
• पूर्वी दीर्घकाळ किंवा जास्त मात्रेत स्टिरॉइड घेतली असतील आणि आता खुबा दुखत असेल तर. स्टिरॉइडमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो, म्हणून तपासणीला उशीर करू नये

खुब्याचा सांधा बदललेल्यांनी आणि हाडं ठिसूळ झालेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारावं आणि मगच यातले व्यायाम निवडावेत.

शेवटी एवढंच

या व्यायामांनी फिगर सुधारते, जीन्स छान बसते, हे खरंच आहे. पण त्याहून मोठी कमाई वेगळी आहे. सत्तरीत कुणाचा हात न धरता जमिनीवरून उठता येणं, नातवाच्या मागे धावता येणं, देवळाच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढता येणं. हे सगळं सत्तरीत अचानक मिळत नाही. त्याची सुरुवात आजच्या दहा खुर्ची-बैठकांपासून होते.

तर मोबाइल बाजूला ठेवा, खुर्ची ओढा आणि घरातल्यांना हाक मारा. ३० सेकंदांचा टायमर लावून बघूया, घरात सगळ्यात जास्त वेळा कोण उठतंय ते!